न पाहिलेल्या राज्याचा पाईक

एखाद्या लेखकाच्या राजकीय मतांचा उगम शोधावयाचा म्हटला म्हणजे चरित्रकार प्रथम त्याच्या घराण्याच्या दप्तराकडे धाव घेतात. आणि आजोबा राजनिष्ठ, वडील राजनिष्ठ, सबब मुलगाही राजनिष्ठ निपजला, असा ताळा एकदा जुळला की लेखणी खाली ठेवतात. वस्तुतः वाडवडिलांच्या जमिनीवर फेरफाराच्या एका नोंदीने जसे वारसाचे नाव चढते, तसे ते त्यांच्या मतांवर चढत नाही. पुष्कळदा मुलगा हा वारसा प्रथम निक्षून नाकारतो. आणि पुढे तो पुन्हा पत्करतो तेव्हा त्याच्या पदरी पडलेला ऐवज वडिलांनी दिलेला नसतो, भलत्याच कोणाच्या तोंडून बालपणी ऐकलेला असतो.

फ्रान्सचा कादंबरीकार व टीकाकार ज्यूल बार्बे दोरव्हिली याचे तारुण्य या दृष्टीने मोठे अभ्यसनीय आहे. उत्तर आयुष्यात पॅरिसच्या साहित्यवर्तुळात लोक त्याला साहित्याचा सरसेनापती म्हणत. राजसत्ता आणि कॅथलिक धर्म यांचा कैवार घेऊन त्याने आपल्या शतकाच्या बहुतेक सर्व दैवतांवर लेखणी परजली. प्रगती, लोकसत्ता, विज्ञाननिष्ठा यांपैकी एकाचीही त्याने भीड धरली नाही. असा हा कडवा राजपक्षीय पुरुष विशी-पंचविशीत, म्हणजे ज्या वयात मते सर्वाधिक तापलेली असतात त्या वयात, प्रजासत्ताकाचा पुरस्कर्ता होता, आणि त्यापायी घरच्यांशी वैर मांडून बसला होता, हे सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसावयाचा नाही.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १८०८ रोजी नॉर्मंडीतील सँ-सोव्हर-ल-व्हिकोंत या लहानशा गावी झाला. कॅथलिक पंचांगात हा दिवस मृतांच्या स्मरणासाठी राखलेला आहे, आणि बार्बेने आपल्या या जन्मतिथीचा अभिमान जन्मभर मिरविला. नाळ नीट बांधली न गेल्यामुळे रक्तस्राव होऊन आपण जन्मतःच दगावणार होतो, पण भेटीस आलेल्या एका बाईच्या वेळीच लक्षात आल्यामुळे वाचलो, अशी हकीकतही तो सांगत असे. मरणाच्या दिवशी, मरणाच्या दारात जन्मलेले मूल म्हणून स्वतःकडे पाहण्याची ही हौस पुढे त्याच्या कथांतून ठायी ठायी प्रकटली.

हे गाव ज्या प्रदेशात वसले आहे तो कोतांतँ नावाचा द्वीपकल्प इंग्लिश खाडीत उत्तरेकडे शिरलेला आहे. पश्चिम किनाऱ्यासमोर जर्सी बेट आहे; आणि त्या काळी इंग्रजांच्या अमलाखालील ते बेट म्हणजे क्रांतीपासून जीव वाचवून पळालेल्या सरदारांचे आश्रयस्थान होते. १७८९ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने धर्मगुरूंना राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ घेण्यास भाग पाडले. १७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. आणि लगेच पुढच्या महिन्यात तीन लाख सैनिकांच्या भरतीचे फर्मान निघाले. राजा गेला हे पश्चिम फ्रान्समधील शेतकऱ्याने कदाचित सोसलेही असते. परंतु गावचा पाद्री गेला आणि त्यापाठोपाठ पोरगा फौजेत ओढला जाऊ लागला, तेव्हा त्याने बंदूक उचलली. ब्रिटनी, मेन आणि नॉर्मंडी या प्रांतांतील असे बंडखोर ‘शुआँ’ या नावाने ओळखले जात. घनदाट कुंपणांच्या आडून, रात्री घुबडासारखा आवाज काढून एकमेकांस इशारे देत, त्यांनी कित्येक वर्षे सरकारी पलटणींना सळो की पळो करून सोडले. नॉर्मंडीतील त्यांचा म्होरक्या लुई द फ्रोते हा १८०० च्या फेब्रुवारीत गोळ्या घालून मारला गेला आणि तेथील बंड विझत गेले. बार्बे जन्मला तो त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी. त्याच्या बालपणी गावोगाव जे प्रौढ लोक शेतांतून आणि बाजारांतून वावरत होते त्यांच्यापैकी कित्येकांनी ती दंगल पाहिलेली होती, काहींनी केलेली होती, आणि तिच्याविषयी मोठ्याने बोलण्याची सोय अद्याप कोणासच नव्हती.

बार्बे घराण्याचे सरदारपण मात्र वाटते तेवढे पुरातन नव्हते. जुन्या राजवटीत खजिन्याची तूट भरून काढण्यासाठी काही हुद्दे विकले जात आणि त्यांतील विशिष्ट हुद्द्यांबरोबर सरदारकीही मिळे. त्या वाटेनेच अठराव्या शतकाच्या मध्यास या घराण्यातील एका पूर्वजाने आपल्या वंशजांना सरदारवर्गात आणून बसविले होते. आईच्या माहेरी, आंगो घराण्यात, मुलाचे आजोबा हे पंधराव्या लुईचे अनौरस पुत्र असल्याची कुजबुज परंपरेने चालत आली होती आणि बार्बे तिच्यावर मनापासून विश्वास ठेवी. ज्याची सनद चार पिढ्यांचीही जुनी नाही तोच पुष्कळदा सनदेविषयी अधिक हळवा असतो; वडील तेओफिल बार्बे यांची राजनिष्ठाही अशीच ताठ, करडी आणि दुसऱ्या कशाचा विचार न करणारी होती. बूर्बाँ घराणे १८१५ मध्ये कायमचे परत आले, असे त्या काळी सर्वांना वाटत होते, तेव्हा या कुटुंबाने थोरल्या मुलास राजाच्या लष्करी शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला. तो मंजूर झाला नाही. ज्या राजासाठी झुरण्यात वडिलांनी हयात घालविली त्याच्या दरबारी या घराची दाद लागली नाही, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला कितपत कळली असेल कोण जाणे. पण तरवार हातात यावयाची राहिली याची रुखरुख त्याला म्हातारपणापर्यंत होती.

घरात माया बेताचीच. आई बुद्धिमान खरी, परंतु तिचे सारे चित्त पतीच्या ठायी. चार मुलगे झाले, त्यांत हा थोरला. आणि तू कुरूप आहेस हे त्याला घरात पुन्हापुन्हा ऐकावे लागे. ज्याला आईबापांच्या सान्निध्यात ऊब मिळत नाही तो मुलगा स्वयंपाकघराच्या दिशेने वळतो. तेथे जान रूसेल नावाची म्हातारी मोलकरीण होती. नॉर्मन शेतकऱ्यांच्या बोलीत ती त्याला भुतांच्या, शाप देणाऱ्या धनगरांच्या, रात्रीच्या माळरानांच्या आणि मारल्या गेलेल्या शुआँच्या गोष्टी सांगे. दुसरीकडे आजी होती. आणि या आजीने शुआँ हेरांपैकी अत्यंत नावाजलेल्या जाक देतूश याला प्रत्यक्ष पाहिले होते. किनाऱ्यावरचे राजपक्षीय आणि समुद्रापलीकडचे परागंदा सरदार यांच्यामधील खलिते हा तरुण लहानशा होडीतून, अनेकदा एकटाच, ने-आण करी. त्याला पकडून कूताँस येथील तुरुंगात डांबण्यात आले. आणि शिक्षेची अंमलबजावणी होण्यापूर्वी, १७९९ च्या फेब्रुवारीत, त्याच्या मूठभर साथीदारांनी रात्री तुरुंगावर चालून जाऊन त्याला सोडवून नेले. वडिलांची राजनिष्ठा मुलाने आज्ञेच्या रूपात पाहिली. आजीची आणि मोलकरणीची मात्र त्याने गोष्टीच्या रूपात ऐकली. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे आज्ञा मोडली गेली आणि गोष्ट तेवढी उरली.

१८१८ च्या सुमारास त्याला शिक्षणासाठी जवळच्या व्हालोन्य या शहरी, नात्यातील पोंता-द्युमेरिल यांच्या घरी ठेवण्यात आले. हे गृहस्थ पेशाने वैद्य, शहराचे नगराध्यक्ष आणि विचारांनी उदारमतवादी. त्यांचा मुलगा एदेलस्ताँ द्यु मेरिल, जो पुढे मध्ययुगीन वाङ्मयाचा नामांकित पंडित झाला, वयाने बार्बेहून सात वर्षांनी मोठा. त्याच्या सहवासात या मुलाने वॉल्टर स्कॉट, बायरन आणि आपल्या वडिलांनी घरात येऊही दिली नसती अशी नाना प्रकारची पुस्तके वाचली. व्हालोन्य शहराला ‘नॉर्मंडीचे व्हर्साय’ म्हणत. दगडी वाडे, बंद दिवाणखाने, पत्त्यांचे डाव आणि विवाहाविना वाळत चाललेल्या सरदारकन्या यांनी ते भरलेले होते. क्रांतीने या लोकांची मालमत्ता नेली होती, पण आपसांतील मानापमान आणि पंक्तिप्रपंच मात्र जसाच्या तसा मागे ठेवला होता. उदारमतवादी घराच्या खिडकीतून या मुलाने हा निस्तेज होत जाणारा समाज पाहिला, आणि तीस वर्षांनंतर व्हिस्टच्या एका डावाभोवती रचलेल्या आपल्या विख्यात कथेत तो थंडपणे, एकेका चेहऱ्यानिशी, उभा केला.

त्याचे पहिले छापील काव्य १८२५ चे. ग्रीक लोक तुर्कांविरुद्ध लढत होते, आदल्या वर्षी बायरनने ग्रीसच्या भूमीवर देह ठेवला होता, आणि सारा तरुण युरोप त्या वार्तेने भारून गेला होता. बार्बेने थर्मोपिलीच्या वीरांवर एक विलापिका लिहून ती काझिमिर दलाव्हीन्य या उदारमतवादी कवीला अर्पण केली. पुढे १८२७ मध्ये तो पॅरिसच्या कॉलेज स्तानिस्लासमध्ये दाखल झाला. तेथे त्याला मोरिस द गेरँ हा कवी सहाध्यायी म्हणून लाभला. एक निसर्गात विरघळून जाणारा, दुसरा समाजावर चवताळून उठणारा. असे असूनही ही मैत्री मोरिसच्या १८३९ मधील अकाली मृत्यूपर्यंत अभंग राहिली.

परीक्षा देऊन तो १८२९ मध्ये गावी परतला तेव्हा त्याने सैन्यात जाण्याची इच्छा वडिलांजवळ बोलून दाखविली. वडिलांनी संमती दिली नाही, आणि कायद्याच्या अभ्यासासाठी त्याची रवानगी काँ या शहरी झाली. त्याच वर्षी निपुत्रिक चुलत्याच्या निधनामुळे ‘दोरव्हिली’ हे जमिनीवरून आलेले बिरुद या थोरल्या पुतण्याकडे आले. आणि प्रजासत्ताकवादी बनलेल्या या पोराने ते लावण्यास साफ नकार दिला! घराण्याची प्रतिष्ठा ज्या दोन-तीन अक्षरांवर तोलून धरलेली होती ती अक्षरेच त्याने परत केली, तेव्हा सँ-सोव्हरच्या घरात कसा हलकल्लोळ झाला असेल याची कल्पना करावी.

पुढच्याच वर्षी, १८३० च्या जुलैत, पॅरिसमध्ये तीन दिवसांची क्रांती होऊन दहावा चार्ल्स पदच्युत झाला आणि ऑर्लेआँ शाखेचा लुई फिलिप गादीवर बसला. पदच्युत राजा आपला लवाजमा घेऊन सावकाश नॉर्मंडीतून पश्चिमेकडे निघाला. व्हालोन्य येथे त्याचा मुक्काम पडला, तेथेच त्याच्या अंगरक्षक पथकांनी आपली निशाणे त्याच्या स्वाधीन केली, आणि १६ ऑगस्ट रोजी शेर्बूर बंदरातून तो इंग्लंडकडे रवाना झाला. ज्या शहरात बार्बे लहानाचा मोठा झाला, नेमक्या त्याच शहरात फ्रान्सच्या थोरल्या राजघराण्याचा शेवटचा दरबार बरखास्त झाला. घरचे लोक शोकाकुल झाले. थोरला मुलगा नव्या काळाच्या बाजूने उभा राहिला. धाकटा भाऊ लेओं याने मात्र काँ येथेच राजपक्षाच्या बाजूने एक उपहासात्मक पत्र चालविले. १८३२ मध्ये एकाच शहरात एक भाऊ राजाची तळी उचलून धरीत होता, आणि दुसरा एदेलस्ताँ व ग्रंथविक्रेता मित्र त्रेब्युस्यँ यांच्या साह्याने ‘रव्ह्यू द काँ’ नावाचे उदारमताचे नियतकालिक काढीत होता. त्याचा एकच अंक निघाला. बार्बेची ‘लेआ’ ही कथा तेवढी त्यात प्रसिद्ध झाली.

विद्यार्थिदशेतील आणखी एक कागद येथे पाहण्यासारखा आहे. २२ जुलै १८३३ रोजी बार्बेने कायद्याच्या पदवीसाठी प्रबंध सादर केला. आणि त्याचा विषय होता मुदतीचा कायदा, त्यातही मुदत ज्या कारणांनी तहकूब होते ती कारणे. दीर्घ काळ न वापरलेला हक्क काळाच्या ओघात नाहीसा होतो, हे तत्त्व सर्व कायदे मानतात. अन्यथा शंभर वर्षांपूर्वीची फिर्याद घेऊन कोणीही उद्या दारात उभा राहील. परंतु नेपोलियनच्या दिवाणी संहितेने काही अपवाद ठेवले होते: हक्कदार वयाने अज्ञान असेल, किंवा बुद्धिभ्रंशामुळे त्याचा कारभार काढून घेतलेला असेल, तर त्याच्याविरुद्ध मुदत धावत नाही, पतिपत्नींमध्येही ती धावत नाही. परीक्षेपुरता निवडलेला किंवा नेमून मिळालेला हा रूक्ष विषय. आणि तरीही सबंध राजपक्षाचे तत्त्वज्ञान यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. अठराव्या लुईने १८१४ मध्ये राज्यघटनेवर सही केली ती आपल्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी असे लिहून. म्हणजे १७९५ मध्ये पुतण्या तुरुंगात वारला त्या क्षणापासून आपणच राजे आहोत, मधला सर्व काळ, मधली सर्व सरकारे, नेपोलियनची सर्व साम्राज्यगाथा, ही कायद्याच्या दृष्टीने घडलीच नाही, असे त्याचे म्हणणे. राजाच्या हक्काविरुद्ध मुदत धावत नाही! ज्या तरुणाने या अपवादांचा अभ्यास केला तो त्या वेळी राजाविरुद्ध होता. पण प्रश्न मात्र त्याच्या हाती येऊन पडला होता.

काँ शहराने त्याला आणखी तीन गोष्टी दिल्या. चुलतभावजयीवरील निषिद्ध प्रेम, ज्याची जखम त्याच्या सुरुवातीच्या लेखनात उघडीच दिसते. त्रेब्युस्यँची मैत्री, जिच्यामुळे त्याची शेकडो पत्रे आपल्याला मिळाली. आणि एका भग्न पुरुषाची छाया. लंडनच्या शिष्ट समाजावर केवळ कोटाच्या बेताने आणि तुच्छतेच्या कटाक्षाने राज्य केलेला जॉर्ज ब्रमेल कर्जबाजारी होऊन फ्रान्सला पळाला होता, आणि १८३० पासून तो या शहरी ब्रिटिश वकिलातीच्या हुद्द्यावर होता. पुढे त्याची बुद्धी ढळली आणि १८४० मध्ये तो तेथील ‘बाँ सोव्हर’ या वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. बार्बेने १८४५ मध्ये त्याच्यावर आणि एकंदर डँडीपणावर पुस्तक लिहिले.

दरम्यान एका वृद्ध नातलगाच्या मृत्युपत्राने त्याला वर्षाकाठी १,२०० फ्रँकचे उत्पन्न लावून दिले होते. त्याच्या बळावर त्याने वकिलीला रामराम ठोकला आणि तो पॅरिसला गेला. १८३६ मध्ये घरी जाऊन आल्यावर आईवडिलांशी त्याचे संबंध तुटले ते जवळजवळ वीस वर्षे. या काळात त्याने मोरिसच्या सांगण्यावरून रोजनिशी लिहिली, वर्तमानपत्रांत पोटासाठी मजकूर दिला, कमरेस घट्ट बसणारे कोट शिवले, मद्य आणि अफूमिश्रित लॉडनम यांचा आश्रय घेतला, आणि रोज संध्याकाळी कंटाळ्याशी झुंज दिली. प्रजासत्ताकाचा ज्वर केव्हाच उतरला होता. त्याची जागा घेण्यास मात्र काही आले नव्हते. डँडीपणा हे त्या पोकळीवर घातलेले चिलखत होते. ज्या समाजात दुकानदारच राजा झाला आहे त्या समाजात माणसाने निदान पोशाखाने तरी असहकार पुकारावा, असा तो पवित्रा. याच सुमारास नाकारलेले ‘दोरव्हिली’ हे बिरुद त्याने पुन्हा नावापुढे लावले. पूर्वी त्याने ते तत्त्वासाठी टाकले होते. उचलले ते अभिरुचीसाठी.

मग १८४६ च्या सुमारास जोझेफ द मेस्त्रच्या ग्रंथांनी त्याच्या बुद्धीला गाठले. अधिकाराचा उगम मनुष्याच्या संमतीत नसून ईश्वराच्या इच्छेत आहे, या सिद्धांताने त्याच्या तिटकाऱ्याला तात्त्विक बैठक मिळाली; १८५१ मध्ये मेस्त्र, बोनाल, शातोब्रियाँ आणि लामने यांच्यावर त्याने लिहिलेले पुस्तक ही त्याची उघड घोषणा होती. तथापि सिद्धांताने टीकाकार घडतो, कादंबरीकार घडत नाही. कादंबऱ्यांसाठी त्याला जान रूसेलकडे परतावे लागले. त्या वर्षांतील त्याची त्रेब्युस्यँला गेलेली पत्रे पाहिली तर तो माहितीसाठी किती अधीर झाला होता ते दिसते: शुआँ कसे राहत, देतूशची सुटका नेमकी कशी झाली, हे सर्व पाठव. १८५२ मध्ये ‘लांसॉर्सेले’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यात लेसेचे ओसाड माळरान आहे, शाप देणारे धनगर आहेत, शुआँच्या पराभवानंतर स्वतःवर गोळी झाडून चेहरा विद्रूप करून घेतलेला धर्मगुरू आहे. लहानपणी स्वयंपाकघरात ऐकलेले सारे काही, बोलीच्या शब्दांसकट, तीस वर्षांनी तो मोजून परत देत होता.

१८५६ च्या शरद ऋतूत तो काँ येथे गेला. आईवडिलांशी समेट झाला होता. आणि शहरात त्याला एका माणसाला भेटावयाचे होते. आजीच्या गोष्टीतला देतूश अजून जिवंत होता! ब्रमेल जेथे मेला त्याच बाँ सोव्हर इस्पितळात, बुद्धिभ्रंश झालेल्या अवस्थेत, तो कित्येक वर्षे पडून होता. बार्बेने त्या म्हाताऱ्याला पाहिले. ज्या राजघराण्यासाठी त्याने समुद्र पालथा घातला, ते राजघराणे येऊन, राज्य करून, परागंदाही झाले होते आणि त्याने या इमानी सेवकाची विचारपूस केली नव्हती. बुद्धी हरपलेल्या इसमाविरुद्ध मुदत धावत नाही, हे कलम कधीकाळी ज्याने परीक्षेसाठी घोकले होते त्याच्यासमोर त्या कलमाचे हे जिवंत उदाहरण बसले होते. १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ल शव्हालिए दे तूश’ ही कादंबरी या भेटीवाचून लिहिली गेली नसती असे नाही. पण तिच्या शेवटी जो कडवट स्वर आहे तो या भेटीचा आहे.

म्हणून बार्बेच्या राजनिष्ठेला प्रतिगामी म्हणून बाजूस सारणे जसे सोपे आहे तितकेच ते अपुरे आहे. गतराज्य पुन्हा येईल अशी आशा त्याच्या लेखनात फारशी आढळत नाही. गादीवर बसलेल्या राजांविषयी तर त्याला प्रेमही नव्हते. १८७४ मध्ये त्याच्या ‘ले दियाबोलिक’ या कथासंग्रहाच्या प्रती नीतिभंगाच्या आरोपावरून जप्त झाल्या तेव्हा सत्तेवर राजपक्षीय मंडळींचेच वर्चस्व होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याचे इमान सिंहासनाशी नव्हते, सिंहासनासाठी हरलेल्या माणसांशी होते. आणि ही माणसे त्याने पाहिली ती राजवाड्याच्या बाजूने नव्हे, मोलकरणीच्या आणि आजीच्या बाजूने. वडिलांचे राजकारण त्याने विसाव्या वर्षी टाकले, ते खऱ्या अर्थाने कधीच परत घेतले नाही. त्याने परत घेतली ती गोष्ट. आणि वडिलांनी त्याला राजनिष्ठ करण्यासाठी जे जे केले त्यापेक्षा त्यांच्या लक्षातही न येता स्वयंपाकघरात जे घडले तेच फ्रेंच वाङ्मयाच्या कामी आले.